सयामचे डॉक्टर ब्रॅडली
परमुलखात राहणाऱ्याने तेथील भाषा शिकावी काय?

आपला देश सोडून दुसऱ्याच्या देशात जाऊन राहणाऱ्या मनुष्याने तेथील लोकांची भाषा शिकावी किंवा न शिकावी, हा प्रश्न दिसण्यात लहान आहे, परंतु त्याचे मूळ खोल आहे. सयाम देशात, ज्यास १९३९ सालापासून थायलंड असे म्हणू लागले, हा प्रश्न दोनशे वर्षे पुनःपुन्हा निघत आला आहे. त्या देशात नोकरीधंद्यानिमित्त राहणारे पुष्कळ परदेशी लोक आजही इंग्रजीवर निभावून नेतात. भाषा फार अवघड आहे, सूर चुकला की अर्थ बदलतो, आपण येथे चार दिवसांचे पाहुणे आहो, आणि आपले काम तर दुभाष्याकडून होतेच आहे, अशी कारणे ते सांगतात. ही कारणे अगदीच पोकळ आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाद घालण्यापेक्षा ज्याने ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले अशा एका मनुष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अधिक बरे वाटते.

हे चरित्र दूरच्या देशाचे आहे, तथापि आमच्या गावोगावच्या मंडळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही असे कोणी समजू नये. आपल्यापैकी जे उपदेशक कातकऱ्यांच्या वाडीत, ठाकरांच्या किंवा भिल्लांच्या पाड्यात जातात, त्यांच्यापुढे हाच प्रश्न निराळ्या वेषाने उभा राहतो.

जन्म व पाचारण

डॅन बीच ब्रॅडली ह्यांचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानात मार्सेलस ह्या गावी १८ जुलै १८०४ रोजी झाला. त्यांच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्यांची आई वारली. वडील पाळक असून पुढे न्यायाधीश झाले, आणि शेतीही करीत. मुलास वाचनाची मोठी गोडी होती. विसाव्या वर्षी एके दिवशी सकाळी उठतात तो त्यांस कानांनी काहीच ऐकू येईना. हा बहिरेपणा पुढे गेला, परंतु तेवढ्यात आपल्या आत्म्याची काय गती होईल ही चिंता त्यांच्या मनात शिरली. पुढील दोन वर्षे त्यांनी फार तळमळीत काढली, आणि मग प्रभूच्या ठायी त्यांस शांति मिळून त्यांनी आपले आयुष्य त्याच्या सेवेस वाहिले.

पाळकाच्या कामाकरिता लागणारी लांबलचक शिक्षणाची वर्षे आपल्या वयास आता झेपणार नाहीत असे वाटून ते वैद्यकीकडे वळले, व १८३३ साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. १८३४ च्या जून महिन्यात एमिली रॉइस नावाच्या भगिनीशी त्यांचा विवाह झाला, आणि त्यानंतर महिना पुरा होतो न होतो तोच, २ जुलै रोजी, उभयतांनी बोस्टन बंदर सोडले. त्यांस पाठविणारी मंडळी म्हणजे अमेरिकन बोर्ड. ह्याच बोर्डाने गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती ह्यांस मुंबईस पाठविले होते, आणि ते १८१३ साली तेथे उतरून मराठी शिकू लागले. ज्या झाडाची एक फांदी आमच्या अंगणात आली, त्याच झाडाची दुसरी फांदी सयामात गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर ते सिंगापुरास पोहोचले, आणि तेथे आणखी सहा महिने राहून १८ जुलै १८३५ रोजी बँकॉक शहरी उतरले. तो त्यांचा एकतिसावा वाढदिवस होता.

त्या काळची स्थिती

त्या वेळी सयामात येणाऱ्या गोऱ्या लोकांपैकी सयामी भाषा जाणणारे फारच थोडे असत. व्यवहार चाले तो मलायी, पोर्तुगीज किंवा चिनी भाषेच्या आधाराने. १८३३ साली अमेरिकेचा व सयामचा पहिला करार झाला, तो सयामी व इंग्रजी भाषांत लिहिला. परंतु सयामी लोकांस इंग्रजी येत नव्हते व अमेरिकन लोकांस सयामी येत नव्हते, म्हणून खुणेदाखल पोर्तुगीज व चिनी भाषांतली भाषांतरे जोडावी लागली. दोन राष्ट्रे एकमेकांशी मैत्री जोडीत होती, पण एकाचे म्हणणे दुसऱ्यास कळण्याकरिता मध्ये दोन परक्या भाषा उभ्या होत्या!

मिशनरी लोकांतही पहिल्याने जे आले, म्हणजे १८२८ सालचे गुट्झलाफ व टॉमलिन, त्यांचे लक्ष बहुतेक बँकॉकमधील चिनी लोकांकडे होते, कारण त्यांस पुढे चीन देशात जावयाचे होते. गुट्झलाफ ह्यांनी सयामी भाषेतही शास्त्राच्या काही भागांचे भाषांतर करण्याचा यत्न केला, पण ते लवकरच निघून गेले. जो जाणार आहे त्याचे मूळ जमिनीत शिरत नाही, हे खरे.

भाषेची अवघड वाट

सयामी भाषा आपल्या कानास कशी लागते, हे वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. तीत पाच सूर आहेत: सम, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. अक्षरे तीच, पण सूर बदलला की शब्द बदलतो. मा हा शब्द सम सुराने उच्चारला तर त्याचा अर्थ येणे, वरच्या सुराने घोडा, आणि चढत्या सुराने कुत्रा. क्लाय हा शब्द सम सुराने म्हटला तर दूर, आणि उतरत्या सुराने म्हटला तर जवळ. म्हणजे देव तुमच्या जवळ आहे असे सांगू जाणाऱ्या उपदेशकाचा सूर किंचित सरळ राहिला, तर देव तुमच्यापासून दूर आहे असेच ऐकणाऱ्याच्या कानी पडावयाचे! शिवाय लिहिताना शब्दाशब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत. राजाशी बोलण्याचे शब्द निराळे, भिक्षूंशी निराळे, वडिलांशी व बरोबरीच्यांशी निराळे.

आपल्या लोकांस त्या भाषेत काही ओळखीचे चेहरेही दिसतील, कारण पाली व संस्कृत ह्यांच्यातून शेकडो शब्द तीत गेले आहेत. भाषा ह्यास ते फासा म्हणतात, नगर ह्यास नखोन, आचार्य ह्यास आचान, आणि पुण्य ह्यास बुन. पण ओळखीच्या चेहऱ्यावर भुलू नये. पाप ह्या शब्दाचा उच्चार तेथे बाप असा होतो. ज्या शब्दाने आम्ही आकाशातील पित्यास हाक मारतो, तोच उच्चार त्या देशात पातकाचे नाव आहे! ह्यावरून शब्द कानास सारखा लागला म्हणजे अर्थही सारखा असतो असे समजणे किती धोक्याचे आहे, हे कळून येईल. पुण्य हा शब्दही तसाच. बौद्ध श्रोत्याच्या मनात त्या शब्दाबरोबर भिक्षूस घातलेले अन्न, बांधलेले देऊळ, सोडलेला पक्षी अशी सारी चित्रे उभी राहतात. फुकट मिळणाऱ्या तारणाची गोष्ट अशा मनुष्यास सांगावयाची, तर त्याच्या मनातील ही चित्रे आधी ठाऊक पाहिजेत. आणि ती कोणत्याही दुभाष्याच्या तोंडून कळत नाहीत.

औषधाची पेटी

डॉक्टर ब्रॅडली ह्यांनी बँकॉकला येताच दवाखाना उघडला. रोज शंभराच्या आसपास रोगी येऊ लागले. औषधाबरोबर शास्त्रातील वचनाची चिठ्ठीही ते देत. परंतु थोड्याच महिन्यांत एक संकट आले. एका इंग्रज जहाजाच्या कप्तानाने बौद्ध देवळाच्या आवारात बंदुकीने पक्षी मारले. जेथे जीवहत्या करणे मोठे पातक मानतात तेथे हे कृत्य घडलेले पाहून भिक्षू संतापले व त्यांनी त्यास मारहाण केली. ह्या गडबडीत गोऱ्यांविषयी लोकांची मने बिघडली, व निरपराधी मिशनऱ्यांसही आपले राहते घर सोडून नदीच्या पलीकडे जावे लागले. ज्या देशाची भाषा व रीतभात परका मनुष्य जाणत नाही, त्या देशात तो आपलेच नव्हे तर आपल्या सोबत्यांचेही किती नुकसान करतो, ह्याचे हे एक उदाहरण आहे.

१३ जानेवारी १८३७ रोजी जवळच्या देवळात समारंभ चालू असता दारूकामाची तोफ फुटली. कित्येक लोक मेले व जखमी झाले, आणि एका तरुण भिक्षूच्या हाताचा चुराडा झाला. डॉक्टरांनी त्याचा हात कापून त्याचा जीव वाचविला. भूल देण्याचे औषध त्या काळी निघाले नव्हते. सयामात पाश्चात्य रीतीने झालेली ही पहिली मोठी शस्त्रक्रिया होय. मनुष्याचा अवयव कापल्यावर तो जगू शकतो ह्याचे लोकांस मोठे आश्चर्य वाटले.

मग देवीची साथ आली. १८३८ सालच्या अखेरीस ती जोरात पसरली असता डॉक्टरांनी टोचण्याचे काम हाती घेतले, व राजाने आपले राजवैद्य ही विद्या शिकण्यास पाठविले. गाईच्या देवीची लस अमेरिकेहून आणावी तर इतक्या लांबच्या प्रवासात ती निर्जीव होऊन जाई. तरी पुनःपुन्हा यत्न करून १८४० साली बोस्टनहून आलेली लस लागू पडली. पुढे १८४४ साली त्यांनी देवी टोचण्याविषयीचे पुस्तक सयामी भाषेत छापले, ते अशाकरिता की आपण नसलो तरी सयामी वैद्याने हे काम करावे.

त्यापूर्वी १८४२ साली त्यांनी गरोदरपण व बाळंतपण ह्यांविषयी सचित्र पुस्तक सयामी भाषेत प्रसिद्ध केले होते. त्या देशात बाळंतिणीस अनेक दिवस पेटत्या विस्तवाजवळ निजविण्याची रीत होती. आमच्याकडील शेकशेगडीची ज्यांस आठवण आहे त्यांस ही गोष्ट लवकर समजेल, मात्र तेथील विस्तव फार कडक असे व त्यापासून पुष्कळ स्त्रियांस त्रास होई. ती रीत सोडा असे सांगून डॉक्टर थकले. फार थोड्यांनी ऐकले. परंतु वाचकहो, विचार करा: एका परक्या पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीतील गोष्ट काढावयाची, तीही तिच्या सासूस व सुइणीस राग येऊ न देता! हे काम मोडक्यातोडक्या भाषेने होण्यासारखे आहे काय? रोग्याचे दुखणे दुभाषी सांगू शकेल, पण त्याची लाज व त्याचे भय दुभाष्यास सांगता येत नाही.

ठशांची गोष्ट

सयामी छापखान्याची कथा ऐकण्यासारखी आहे, कारण तिचा एक धागा आपल्या देशात गुंफलेला आहे. ब्रह्मदेशातील प्रसिद्ध मिशनरी जडसन ह्यांची पत्नी अॅन ह्यांनी रंगून शहरी राहणाऱ्या सयामी लोकांकडून त्यांची भाषा शिकून घेतली होती. त्यांनी तयार केलेली सयामी प्रश्नोत्तरावली १८१९ साली बंगाल्यात श्रीरामपूर येथे छापली गेली. हेच ते श्रीरामपूर, जेथे केरी साहेबांनी १८०५ साली मराठी व्याकरण छापले, आणि जेथून पहिला मराठी नवा करार बाहेर पडला. सयामात स्वतः कधीही पाऊल न ठेवलेल्या एका बाईने त्या लोकांची भाषा शिकावी, आणि सयामी अक्षर प्रथम हिंदुस्थानच्या भूमीवर छापले जावे, ही देवाच्या योजनेची मौज आहे.

पुढे सयामी ठसे व छापण्याचे यंत्र सिंगापुरास गेले, आणि तेथून डॉक्टर ब्रॅडली ह्यांनी ते बँकॉकला नेले. १८३६ च्या जून महिन्यात दहा आज्ञांचे पत्रक छापून निघाले. सयामच्या भूमीवर सयामी भाषेत झालेली ती पहिली छपाई. तीन वर्षांनी, १८३९ साली, खुद्द राजाने अफूबंदीच्या हुकुमाच्या ९,००० प्रती ह्याच छापखान्यात छापवून घेतल्या. जुने ठसे बेढब होते, म्हणून १८४१ साली बँकॉकमध्येच नवे सुबक ठसे पाडण्यात आले. ४ जुलै १८४४ रोजी त्यांनी सयामी भाषेतील पहिले वर्तमानपत्र काढले. आमच्या अहमदनगरास ज्ञानोदय निघाला तो १८४२ साली; म्हणजे ही दोन पत्रे एकाच बोर्डाच्या लोकांच्या हातून दोन वर्षांच्या अंतराने जन्मास आली.

राजपुत्र व शिक्षक

आता वादाचा खरा मुद्दा येथे येतो. त्या वेळी राजपुत्र मोंगकुट हे भिक्षू होऊन विहारात राहत होते. सत्तावीस वर्षे त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली होती. ते पालीचे मोठे पंडित; रोमन मंडळीच्या बिशपापासून ते लॅटिन शिकले, आणि मग त्यांस इंग्रजीची इच्छा झाली. डॉक्टरांचे सोबती जेसी कॅसवेल ह्यांनी १८४५ पासून सुमारे अठरा महिने त्यांस इंग्रजी शिकविले. कॅसवेल ह्यांनी मोबदला काय घेतला? विहाराच्या आवारातील एका खोलीत सयामी भाषेत उपदेश करण्याची व पत्रके वाटण्याची मोकळीक. कॅसवेल १८४८ साली वारले. १८५१ साली मोंगकुट राजे झाले, तरी आपल्या गुरूस ते विसरले नाहीत. त्यांच्या विधवेस त्यांनी द्रव्य पाठविले.

ह्यावरून कोणी म्हणेल की, राजाच जर इंग्रजी शिकतो, तर मिशनऱ्याने सयामी शिकण्याचा खटाटोप का करावा? सर्वांस इंग्रजी शिकवा म्हणजे झाले. परंतु इंग्रजी शिकला तो राजा. होडी वल्हविणारा, भाजी विकणारी, तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसलेली आई, ह्यांस इंग्रजी कोण शिकविणार, आणि ती शिकेपर्यंत सुवार्तेने दाराबाहेर थांबावे की काय? शिवाय जो दुसऱ्यास आपल्या भाषेत ओढतो तो स्वतः शिक्षकाच्या खुर्चीवर बसून राहतो. जो दुसऱ्याची भाषा शिकतो त्यास विद्यार्थ्याच्या पाटावर बसावे लागते. प्रभूच्या सेवकास कोणती जागा शोभते, हे आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही. कॅसवेल ह्यांनी इंग्रजी शिकविली हे चांगले केले. पण त्या शिकवणीच्या मोबदल्यात त्यांनी सयामी भाषेत बोलण्याची जागा मागितली, हे अधिक चांगले केले.

दुःख, गरिबी व उद्योग

१८४५ च्या ऑगस्ट महिन्यात एमिलीबाई क्षयाने वारल्या. मुलांस घेऊन डॉक्टर १८४७ साली अमेरिकेस गेले. तेथे काही शिक्षणाविषयी मतभेद होऊन त्यांचा व बोर्डाचा संबंध सुटला. सारा ब्लॅचली ह्या विदुषीशी त्यांनी १८४८ साली पुन्हा विवाह केला, आणि दुसऱ्या एका मिशनच्या वतीने १८५० साली ते परत बँकॉकला आले. ह्या मिशनकडून पैसा फार तुटपुंजा येई. तेव्हा त्यांनी छापखान्यावर पोट चालविले. सयामी ग्रंथ छापावे, विकावे, आणि त्या पैशात दवाखाना व उपदेश चालवावा, असा त्यांचा क्रम होता.

येथे त्यांचे भाषाज्ञान त्यांच्या उपयोगी कसे पडले ते पहा. सयामी दरबारातील एक गृहस्थ वकिलातीबरोबर लंडनास जाऊन आले होते, व त्यांनी त्या प्रवासाचे काव्य रचले होते. १८६१ साली डॉक्टरांनी त्यास ४०० बाट देऊन ते छापण्याचा हक्क विकत घेतला. लेखकाच्या श्रमास मोल आहे हे त्या देशात प्रथम ह्या व्यवहाराने दिसले. १८६५ साली चिनी तीन राज्यांची सयामी भाषेतील विख्यात कथा त्यांनी छापली. देशाचे कायदेही त्यांनी छापले. जो लोकांचे ग्रंथ वाचतो, त्यांची किंमत करतो, त्यास लोक परका म्हणत नाहीत. सयामी लोकांनी त्यांचे नावही आपल्या जिभेस सोयीचे करून घेतले, आणि मो, म्हणजे वैद्य, ह्या शब्दाने त्यांस ते हाक मारीत.

भाषा आली म्हणजे सर्व आले असे नव्हे

परंतु चरित्र लिहावयाचे तर एकच बाजू दाखवू नये. १८६५ साली त्यांनी आपले वर्तमानपत्र पुन्हा सुरू केले. त्यात बौद्ध धर्माविरुद्ध त्यांची लेखणी पुष्कळदा तिखट होई. राजे मोंगकुट व त्यांचे मंत्री ह्यांनी त्यांस उत्तरे दिली. १८६७ साली एका मंत्र्याने सयामी भाषेत एक पुस्तक प्रसिद्ध करून ख्रिस्ती लोकांच्या शिकवणीस सविस्तर जबाब दिला, व ते डॉक्टरांच्या छापखान्यात न देता शिळेवर छापविले. त्याच वर्षी फ्रेंच वकिलाविषयी छापलेल्या मजकुरावरून त्यांच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद होऊन त्यांस १०० डॉलर दंड झाला, आणि पत्र बंद पडले.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, भाषा ही सुरीसारखी आहे. तिने भाकरीचे फळ कापता येते, तसे हातही कापतात. भाषा पक्की येऊनही जर ऐकणाऱ्याच्या पूज्य वस्तूविषयी आदर राखला नाही, तर शुद्ध शब्दांनीही मने दुखावतात. दुसरी ही की, सयामी मंत्र्याने उत्तर लिहिले ते कशामुळे? प्रश्न त्याच्या भाषेत विचारला गेला म्हणून. इंग्रजीत लिहिलेल्या टीकेस कोणी उत्तर दिले नसते, कारण ती कोणाच्या घरात शिरलीच नसती. दुसऱ्याच्या भाषेत बोलणे म्हणजे त्यास उत्तर देण्याचा हक्क देणे होय, आणि हा हक्क दिल्यावाचून केलेला उपदेश म्हणजे बंद दारावर मारलेली हाक.

फळ कोठे आहे?

येथे काही वाचक विचारतील, आणि विचारणे रास्त आहे, की इतकी वर्षे खपून किती माणसे ख्रिस्ताकडे आली? उत्तर देताना जड वाटते. अमेरिकन बोर्डाने १८४९ साली सयामचे काम बंद केले तेव्हा एकही सयामी मनुष्य त्यांच्या श्रमाने मंडळीत आलेला नव्हता. पुढेही डॉक्टरांच्या हातून फार थोड्यांचा पालट झाला. ज्या उपदेशकाच्या गावी पाचपाच वर्षांत एकही बाप्तिस्मा होत नाही, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

मग भाषेकरिता केलेले श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. डॉक्टरांची कन्या सोफिया बँकॉकमध्ये जन्मली व सयामी भाषा ऐकतच वाढली. १८६० साली तिचा विवाह डॅनियल मॅकगिल्व्हरी ह्यांच्याशी झाला, आणि १८६७ साली ती दोघे उत्तरेस चिआंगमाई शहरी गेली. तेथील बोली निराळी, लिपीही निराळी. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकणे आले. १८ ऑगस्ट १८६८ रोजी सूर्यग्रहण होणार असे मॅकगिल्व्हरी ह्यांनी तेथील नान इंता नावाच्या एका विद्वान गृहस्थास एक आठवडा आधी सांगितले. हा गृहस्थ पूर्वी भिक्षू होता. ग्रहण सांगितल्याप्रमाणे लागले, आणि राहूच्या कथेवरील त्याचा विश्वास उडून तो शास्त्राचा शोध करू लागला. ३ जानेवारी १८६९ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेथील दोघा नव्या शिष्यांस त्यांच्या विश्वासाबद्दल जिवे मारण्यात आले, तरी मंडळी मेली नाही. नान इंताशी झालेले बोलणे इंग्रजीत झाले असते काय? दुभाष्यामार्फत झाले असते तरी मनुष्याच्या मनातील शंका अशी सुटली असती काय? ज्या घरात भाषेचा आदर होता त्या घरातील मुलगी त्या कामावर होती, हे आम्ही विसरत नाही.

आज थायलंडात शंभरात सुमारे एक मनुष्य ख्रिस्ती आहे. मंडळी लहान आहे खरी, पण ती आपल्याच भाषेत गाते, आपल्याच भाषेत प्रार्थना करते, आणि कृपेस फ्रा खुन असे म्हणते. ह्या शब्दातील खुन म्हणजे आपलाच गुण हा शब्द.

शेवटचे काम

आयुष्याच्या अखेरीस डॉक्टर ब्रॅडली एका मोठ्या कोशात गुंतले होते. आचान थाट नावाच्या सयामी पंडिताच्या साह्याने हा कोश सिद्ध झाला, आणि त्याची गोष्ट अशी की तो सयामी शब्दांचा अर्थ सयामी भाषेतच सांगतो. परदेशी मनुष्याने आपल्या देशबांधवांच्या सोयीकरिता इंग्रजी अर्थ देणे साहजिक होते. आमच्या मराठीचा मोल्सवर्थ साहेबांचा थोर कोश १८३१ साली निघाला तो मराठी व इंग्रजी असाच आहे, आणि त्याचे उपकार आम्ही मानतोच. पण ब्रॅडली ह्यांचा कोश सयामी वाचकाकरिताच होता. अडतीस वर्षांपूर्वी जो मनुष्य ह्या भाषेच्या दाराशी परका म्हणून उभा राहिला, त्याने जाताना त्या घरातील भांडीकुंडी मोजून, पुसून, जागच्या जागी लावून घरधन्याच्या हाती दिली. कोश १८७३ साली छापून निघाला, आणि त्याच वर्षी २३ जून रोजी बँकॉक येथे डॉक्टरांनी देह ठेवला. तेथील प्रॉटेस्टंट स्मशानभूमीत त्यांस पुरले आहे. साराबाई स्वदेशी परतल्या नाहीत. त्या पुढे वीस वर्षे त्याच देशात राहून १८९३ साली निवर्तल्या. त्या काळची सयामी भाषा कशी होती हे पाहावयाचे असेल तेव्हा थाई विद्वान आजही हा कोश उघडतात.

आमच्याकरिता बोध

तर परदेशी मनुष्याने लोकांची भाषा शिकावी काय? आम्ही असे म्हणतो की, ज्यास केवळ माल विकून जावयाचे आहे त्याने वाटल्यास शिकू नये, त्याचे दुभाष्यावर भागेल. परंतु ज्यास लोकांबरोबर राहावयाचे, त्यांच्या दुःखात वाटेकरी व्हावयाचे, त्यांस काही द्यावयाचे व त्यांच्याकडून काही घ्यावयाचे आहे, त्याने शिकलेच पाहिजे. वय झाले, सूर साधत नाही, लोक हसतात, ह्या सबबी टिकत नाहीत. डॉक्टर ब्रॅडली एकतिसाव्या वर्षी त्या देशात आले.

आमच्या उपदेशक बंधूंस विशेष विनंती आहे. पाड्यावर गेल्यावर आपण पुस्तकी मराठी बोलतो, आणि ऐकणारे मान डोलवितात. त्यांस समजले असे मानून आपण परत येतो. एकदा थांबून पहा. तेथील म्हातारी तापास काय म्हणते, भुतास काय म्हणते, आईवेगळ्या पोरास काय म्हणते, हे विचारा व लिहून ठेवा. आपला उच्चार चुकला व मुले हसली तर त्यांच्याबरोबर हसा. ज्या मनुष्याने आपणांस शब्द शिकविला, तो आपणांपासून वचन ऐकण्यास लवकर तयार होतो, असा अनुभव कोणत्याही देशात येतो. आणि ज्या भगिनी बाळंतिणींकडे व आजाऱ्यांकडे जातात, त्यांनी हे काम पुरुषांपेक्षा अधिक सहज करून दाखवावे.

प्रभु येशूने आकाशातून मोठ्याने ओरडून आम्हांस तारण कळविले नाही. तो गालीलातील लोकांमध्ये वाढला, आणि त्यांची बोली बोलला. पेन्टेकॉस्टच्या दिवशीही आत्म्याने सर्वांस एकच भाषा समजू लागेल असे केले नाही, तर ज्याची त्यास आपापली भाषा ऐकू येईल असे केले. जो देव मनुष्याच्या दाराशी मनुष्याच्या भाषेत आला, त्याच्या सेवकांनी तरी दुसऱ्याच्या दाराशी आपलाच सूर धरून उभे राहू नये. सयामातील लहान मंडळीची, आणि आमच्या सर्व पाड्यांवरील कामाची, वाचकांनी ह्या आठवड्याच्या प्रार्थनेत आठवण करावी.